तळची फळी

“सरजे, नाव फुटली तर तिला उघडी ठिवू नगं. दिवा लागायच्या आत भोक बुजवून घे. पाण्यानं एकदा वाट वळखली का पुन्यांदा तिथूनच घुसतंय ते.”

कडूबाई, म्हणजे सरजाबाईची सासू, जाऊन बरीच सालं झाली होती. पण तिचा हा आवाज सुनेच्या कानात जिथल्या तिथं होता. चैत्र सरता सरता, भर दुपारी, सटवाजी आणि त्याचा धाकटा भाऊ चंद्रभान अर्धी बुडालेली नाव ओढत येलदरी धरणाच्या काठाला लागले, तेव्हा सरजाबाईनं आधी नवऱ्याचा हात बघितला, मग नावेचा तळ बघितला, आणि दोन्हीकडं एकदमच कामाला लागली.

धरणाचं पाणी खाली गेलं होतं. बुडालेल्या जुन्या गावाची झाडं उन्हाळ्यात अशी वर वर येऊन पाण्याच्या पातळ पडद्याआड उभी राहत. त्या दुपारी वाऱ्याचं वावधान सुटलं, नाव फिरली, आणि बाभळीच्या एका खुंटावर जाऊन आदळली. सटवाजीचा उजवा हात नाव आणि खुंट यांच्यामध्ये सापडला. मनगट तिथल्या तिथं वाकडं झालं. तळची फळी उभी तडकली. जाळं गेलं, मासळी गेली, माणसं आली.

हाड बसवणारा येईपर्यंत सरजाबाईनं नवऱ्याचा हात बांबूच्या कामट्यांत बांधला. मग डालड्याच्या डब्यात डांबर तापवायला ठेवलं. चंद्रभाननं नाव पालथी घातली. सरजाबाईनं तडकलेल्या जागेवर हळदीचं पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, अंबाडीचा वाख पिळून पिळून भेगेत ठासला, आणि वरून उकळतं डांबर ओतलं. डांबर आत आत उतरत गेलं तसा तिचा जीव थाऱ्यावर येत गेला. दिवा लागला तेव्हा नावेच्या अंगावर एक काळा, चकचकीत व्रण तेवढा राहिला होता.

“झालं बाई,” ती नावेला म्हणाली. रोज उठून नदीला भाकरीचा तुकडा सोडल्याशिवाय ती तोंडात पाणी घेत नसे; नावेशी बोलण्यात तिला काही वेगळं वाटत नव्हतं.

मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी पंडित दुसऱ्या दिवशी सायकलीवरून आला. हात बघायला आला असेल म्हणून सरजाबाईनं घोंगडी टाकली. पंडित घोंगडीकडं न बघता थेट नावेकडं गेला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

“ह्ये कुणी केलं?”

“म्या केलं, पंडितभाऊ. कामून?”

“कामून इचारायलाव? आवो वैनी, नावंचा इमा हाय!”

सरजाबाईनं सटवाजीकडं बघितलं. सटवाजीनं चंद्रभानकडं बघितलं.

“इमा म्हंजी?” सटवाजी म्हणाला.

“नाव फुटली का कंपनी भरून देती. सोसायटीनं समद्याच नावांचा उतरवलाय. मागं अंगठे न्हाई का दिले तुमी?”

“अंगठे लय ठिकाणी दिलेत.”

“तर आता कंपनीचा सर्व्हेअर येणार. फुटकी नाव बघणार, कशानं फुटली, किती फुटली ते लिवणार. मग कंपनी नवी फळी देणार, मिस्त्री देणार. अन् तुमी तर...” पंडितनं काळ्या व्रणावर बोट आपटलं. “तुमी तर डॉक्टर यायच्या आत रोग्याला बरं करून ठिवलं!”

“बरं केलं ते वाईट झालं का?” सरजाबाईनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.

पंडितनं घोंगडीवर बसून चहा मागितला.

नाव तशी बरी झालेली नव्हती, हे सगळ्यांनाच दिसत होतं. डांबर आणि वाखावर ती काठाकाठानं चालली असती. जाळं, मासळी आणि दोन माणसं घेऊन मधल्या पाण्यात गेली असती तर फळीनं मध्येच तोंड उघडलं असतं. सागाची नवी फळी हवी होती, ती बसवणारा मिस्त्री हवा होता, आणि दोन्ही सटवाजीच्या आवाक्यातलं नव्हतं. सोसायटीचा नियम तर साधा होता. मृगाच्या आत ज्याची नाव पाण्यात नाही, त्याची पाण्यावरची जागा दुसऱ्याला. मग सटवाजीनं कुठं जायचं? दुष्काळात निघालेलं रस्त्याचं काम अजून चालू होतं. तिथं खडी फोडायची. पण खडी फोडायलाही मनगट लागतं.

“आता नावंला कुणी हात लावू नगा,” जाताना पंडित म्हणाला. “साहेब येईस्तोवर नाव हाय तशी ठिवा.”

“हाय तशी म्हंजी बुजवलेली का फुटलेली?”

“वैनी, तुमी मलाच येडं करायलाव,” असं म्हणून पंडितनं सायकल काढली.

साहेब आले ते गुरुवारी, जिंतूरच्या एसटीनं. आडनाव सोनपेठकर. उतारवयाकडं झुकलेले, कपाळावर गंध, हातात चामडी बॅग, उन्हानं लाल झालेले. मासळीचा वास आला तसा त्यांनी खिशातून रुमाल काढला, मग कुणाला वाईट वाटेल म्हणून परत ठेवला, आणि थोड्या वेळानं पुन्हा काढला. सरजाबाईनं तांब्या-पेला पुढं ठेवला. साहेबांनी बॅगेतून थर्मास काढून त्यातलं पाणी प्यायलं. सरजाबाईनं भरलेला तांब्या तसाच उचलून आत नेला आणि रांजणात ओतला.

“मी कापसाच्या जिनिंगच्या आगी बघतो,” साहेब आपणहूनच म्हणाले. “ट्रॅक्टर बघतो. नाव पहिल्यांदाच बघतोय.”

कंपनीनं त्यांच्याकडं दिलेला छापील कागद समुद्राच्या नावांचा होता. ते बाजेवर बसले, कागद बॅगेवर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

“बंदर कोणतं?”

चंद्रभान म्हणाला, “बंदर म्हंजी, साहेब?”

“नाव जिथं लागते ते ठिकाण.”

“हितंच की. ह्या बाभळीला बांधतो.”

साहेबांनी ‘बाभूळ’ लिहिलं, मग खोडलं.

“कप्तान कोण?”

चंद्रभानची बायको दगडाबाई दारात उभी होती. थोरल्या दिरापुढं तिनं डोक्यावरून पदर घेतला होता, पण पदरानं तोंड थोडंच बंद होतंय. “आमचे भावजी की, साहेब. आता धोतर बी दुसऱ्यानं नेसवावं लागायलंय त्येंचं, पर कप्तान त्येच.”

चंद्रभान हसला आणि भावाकडं बघून गप्प झाला. सटवाजीची मान खाली गेली. त्या सकाळी सरजाबाईनंच त्याचा कासोटा खोवला होता, तो भिंतीकडं तोंड करून उभा असताना, आणि ती गोष्ट घरातच राहील असं त्याला वाटलं होतं.

“किनाऱ्यापासून किती सागरी मैलांवर अपघात झाला?”

“साहेब, समुद्र हिकडं न्हाई,” पंडित अदबीनं म्हणाला.

“ते मला दिसतंय हो. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही.” साहेबांनी घाम पुसला. मग बराच विचार करून त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कुणी विचारलं नाही.

मग ते नावेपाशी गेले. एक गुडघा टेकून बसले, चष्मा वर सरकवून काळा व्रण बघितला, नखानं खरवडला.

“हे उघडा.”

चंद्रभाननं पटाशी आणि हातोडा आणला. सरजाबाईनं पाठ फिरवली. पहिला घाव बसला. हळद-कुंकू लावून मिटवलेली जागा दिवसाउजेडी, परक्या माणसापुढं, घरातल्याच माणसानं फोडायची. उघडी ठेवली असती तर सासूचा शब्द मोडला असता. मिटवली तर कंपनीचा मोडला. पाप कुठल्या बाजूला होतं ते तिला दिसेना. वाख पिंजून बाहेर आला, डांबराच्या ढलप्या उडाल्या, खिळे कुरकुरत निघाले, आणि चंद्रभाननं अख्खी फळीच सोडवून उन्हात ठेवली.

साहेबांनी भेगेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

“बाई, तुम्ही डांबर ओतलंत ना?”

“व्हय, साहेब.”

“ऐका. लाकूड धडकेनं मोडलं तर मोड पांढरी पडते. आधीच कुजलेलं असलं तर मोड काळी. कंपनी धडकेचं भरून देते, कुजण्याचं देत नाही. तुमची भेग आता वरपासून खालपर्यंत काळी आहे. मी काय लिहायचं?”

“डांबर हाय ते, साहेब.”

“डांबर आहे हे मला मान्य आहे. डांबराच्या खाली काय होतं?”

सरजाबाईला वाटलं, हा माणूस विचारतोय ते सोपं असलं पाहिजे. तिला ते सोपं काही सापडेना. खाली लाकूड होतं. लाकडाखाली पाणी होतं. त्या दिवशी तिनं रंग बघितलाच नव्हता. तिनं भेग बघितली होती.

“नावेत आधीपासून पाणी यायचं का?”

“नावंत पानी येतंच, साहेब.”

“जास्त यायचं का, असं विचारतोय.”

हिवाळ्यात सटवाजी घरी यायचा तो गुडघ्यापर्यंत ओला. पाणी उपसायचा डबा पार चेपून गेला होता. पण ते ह्या फळीतून होतं का? तिनं कधी विचारलं नव्हतं.

“म्या नावंत जात न्हाई, साहेब. मला मालूम न्हाई.”

हे खरं होतं. तरी बोलून झाल्यावर तिला तोंड धुवावंसं वाटलं.

साहेबांनी सटवाजीकडं बघितलं. सटवाजी म्हणाला, “येत हुतं. जास्ती का कमी, कुणी मोजलंय?”

साहेब उठले, गुडघ्याची माती झटकली. चिडले नव्हते ते, दमले होते. “हे बघा. ही फळी भेगेपासून लांब आडवी कापली, तर आतलं लाकूड दिसेल. तिथवर डांबर गेलेलं नसणार. आत निरोगी निघालं तर धडकेचं लिहितो, कुजकं निघालं तर तसं लिहावं लागेल. पण इथं मी एकट्यानं कापली तर उद्या माझ्यावरच बोट येईल. परभणीच्या ऑफिसात मोठ्या साहेबांपुढं सुतार बोलावून कापू. मला इथून परस्पर पाथरीला जायचंय, जिनिंग जळालीय. सोमवारी कुणीतरी फळी आणून द्या.”

सटवाजीनं कामट्या बांधलेल्या हाताकडं बघितलं. चंद्रभान दुसऱ्याच्या नावेवर रोजानं जात होता. त्याचा खाडा पडला तर दोन्ही चुली विझल्या असत्या.

“म्या आणते,” सरजाबाई म्हणाली.

“हीच फळी आणायची, बाई. अदलाबदल नको.”

“हीच आणते, साहेब. शबुद हाय मपला.”

साहेबांनी मान हलवली. सटवाजीचा अंगठा हवा होता. त्यानं नकळत उजवा पुढं केला, कळ आली तसा ओठ चावला. “डावाच लागतो,” साहेब हळूच म्हणाले, आणि स्वतःच त्याचा डावा अंगठा शाईवर टेकवून कागदावर उठवला. नंतर हात पुसायला त्यांनी आपला रुमाल सटवाजीला दिला आणि परत घेतला नाही. दिला म्हणून दिला, की वास लागला म्हणून नको झाला, ह्याचा उलगडा कुणालाच झाला नाही.

त्या दिवशी दिवा लागला तेव्हा नाव उघडी होती, तळाला इकडून तिकडं खिंडार. सरजाबाईनं घरातली जुनी वाकळ नेऊन तिच्यावर टाकली आणि चारही बाजूंनी दगड ठेवले.

शनिवारी पंडित आला तो सायकलीला आडवी फळी बांधून.

“वैनी, ही बगा. भंगारात पडलेल्या नावंची. तसलाच साग, तितकीच लांब. मोड बगा कशी, खोबऱ्यावानी.”

“कशानं मोडली?”

“मोडली म्हंजी मोडली. वरून जरासं डांबर फासू. फळी ती फळी. साहेबानं काय तुमच्या फळीवर शिक्का मारलाय का?”

“म्या शबुद दिलाय, पंडितभाऊ.”

“कशाचा दिलाय? फळी आणायचा. आणायलाव की फळी! शबुद कुठं मोडायलाय?” पंडित घोंगडीच्या कडेला टेकला. “आवो, तुमच्या नावंला खुंट लागला का न्हाई? लागला. नाव फुटली का न्हाई? फुटली. यात खोटं काय हाय? खरी गोष्ट सांगायला जरा चांगली फळी न्यायची, इतकंच.”

घडीभर सरजाबाईला ते बरोबर वाटलं. पंडित वाईट माणूस नव्हता. सटवाजीची जागा गेली तर ती घ्यायला टपलेल्यांना तोच थोपवून होता. त्याचं बोलणं ऐकताना सगळं सरळ वाटायचं. तो उठून गेला की त्यातला एकेक शब्द दुसरीकडंच तोंड करून बसायचा.

दोन्ही फळ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रविवारी सरजाबाईनं जोंधळे दळले, सारवण केलं, नवऱ्याला न्हाऊ घातलं. जाता-येता नजर फळ्यांकडं जायची. एकदा तिनं आपल्या फळीत नख रोवलं. एका जागी नख आत गेलं. पण सालोसाल पाण्यात राहिलेलं लाकूड मऊ पडणारच. पंडितच्या फळीतही नख थोडं गेलं. तिनं दोन्हींवर टकटक करून कान लावला. दोन्ही फळ्या लाकडासारख्या वाजल्या.

देवाला कौल लावावा असंही तिच्या मनात आलं. दोन फुलं चिकटवायची, कुठलं आधी पडतं ते बघायचं. फुलं तोडून आणली सुद्धा. पण देव ‘ही’ म्हणाला तरी भीती, ‘ती’ म्हणाला तरी भीती. तिनं फुलं साधीच वाहिली आणि काही न विचारता हात जोडले.

सटवाजी डाव्या हातानं भाकरी मोडायला बघत होता. भाकरी ताटात फिरत होती, मोडत नव्हती. सरजाबाईनं समोर बसून ती कुस्करून दिली.

“आवो, एक इचारू? मला खरं सांगा. आपली फळी कुजकी हाय का?”

सटवाजीनं घास खाली ठेवला.

“हिवाळ्यात पानी येत हुतं. कुठून ते मला मालूम न्हाई. लय चाचपलं. कव्हा वाटायचं हीच फळी, कव्हा वाटायचं बाजूची. धडकली तव्हा असा कडाडून आवाज झाला सरजे, कुजलेलं लाकूड तसं वाजतच न्हाई.” त्यानं कामट्यांकडं बघितलं. “पर मनगट बी तव्हाच मोडलं. आवाज त्याचा बी आसंल.”

“म्हंजी तुमाला बी ठावं न्हाई.”

“न्हाई. म्हनून म्हनतो, पंडितची ने. तिचं ठावं हाय.”

“साहेबानं इचारलं, हीच का? तर म्या काय म्हनू?”

“व्हय म्हन! जगात समदे म्हनतेत!” त्याचा आवाज चढला, आणि बाहेर दगडाबाईचं भांडी घासणं थांबलं. “आपली नेलीस अन् आतून काळी निघाली, तर मृग झाल्यावर खडी फोडायला तूच जा. म्या काठावर बसून दुसऱ्याची नाव बगत न्हाई बसायचो. कुठंतरी तोंड घिऊन जाईन.”

“जाईन,” सरजाबाई म्हणाली.

“काय?”

“खडी फोडायला. जाईन म्या.”

सटवाजीनं ताट सरकवलं. कुस्करलेली भाकरी तशीच राहिली. सरजाबाईला वाटलं, आता आपलं ठरलं. पण भांडी आवरून होईपर्यंत ते ठरलेलं पुन्हा विस्कटलं. नवरा बरोबर बोलत होता. पंडितही बरोबर बोलत होता. साहेबांचंही चुकलं नव्हतं. इतकी माणसं बरोबर असताना तिच्यापुढचा रस्ता मात्र कुणालाच दिसत नव्हता. डांबर ओतलं नसतं तर भेगेनंच काय ते सांगितलं असतं. पण डांबर ओतणाऱ्या हातांना आता शिक्षा करून तरी काय उपयोग होता!

सोमवारी फटफटलं तेव्हा सरजाबाई वेणीफणी करून तयार होती. पदराच्या गाठीत तिकिटापुरतं बांधलं होतं. सटवाजी भिंतीकडं तोंड करून पडला होता. झोपला असता तर घोरला असता, घोरत नव्हता. तिनं हाक मारली नाही.

दोन्ही फळ्यांसमोर ती उभी राहिली. उजेड अजून मळका होता. त्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तिनं हातानं चाचपून आपण ओतलेल्या डांबराचा थर शोधला, तिथं वाखाचे दोन धागे बोटाला लागले. त्या फळीचं एक टोक तिनं भिंतीवर चढवलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, खाली वाकून फळीच्या मधोमध आली आणि गुडघ्यांवर जोर देत उठली. फळी तिच्या उंचीपेक्षा बरीच लांब. ओल अजून वाळली नव्हती, त्यामुळं जडही. मान क्षणभर डगमगली, मग सरळ झाली.

दगडाबाई दारात सडा टाकत होती. तिनं बादली खाली ठेवली.

“निघालाव का, बाई?”

“व्हय.”

“कोणची घेतली?”

आजूबाजूला घरं होती, भिंतीआड सटवाजी होता. सरजाबाईनं आवाज चढवला नाही.

“जी फुटली ती.”

दगडाबाईला एरवी काहीतरी सुचलं असतं. आज तिनं नुसती पुढं होऊन बोळाच्या तोंडाशी पडलेलं जळण बाजूला ओढलं. सरजाबाई फळी सांभाळत वळली आणि एसटीच्या रस्त्याला लागली.